चेन ताणायला दुसरा माणूस नको



आज कापूस नाही, तूर नाही, मोटारसायकलच्या चेनचं लिहितोय. आपल्या पानावर गाडीचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण शेतकऱ्याच्या घरात आज बैलापेक्षा जास्त राबतं कोण, तर ती गाडी. डेअरीचं दूध तिच्यावर, खताची गोणी तिच्यावर, फवारणीचा पंप तिच्यावर, संध्याकाळी घासाचा भारा तिच्यावर, आणि पोरीला फाट्यावर एस्टीला सोडायचं तेही तिच्यावरच. बैल जरा लंगडला तर आपण त्याच दिवशी खूर उचलून बघतो. गाडीची चेन मात्र सहा महिने खडखड करते आणि आपण म्हणतो, चालतंय की.

तर माझं मत सुरुवातीलाच सांगतो. चेन ताणायचं, पुसायचं आणि तिला ऑईल द्यायचं काम घरच्या घरी करावं, आणि एकट्यानं करावं. मदतीला कुणाला बोलावू नये. पोरासोरांना तर नाहीच नाही.

घरी करावं हे बऱ्याच जणांना पटेल. एकट्यानं का, हे पटणार नाही, म्हणून त्याच्याबद्दल आधी बोलतो. कारण आपल्याकडं हे काम दोघांचं समजलं जातं. कसं करतात ते तुम्ही पाहिलेलं आहे. गाडी मेन स्टँडवर, एक जण हँडलजवळ उभा. तो गाडी चालू करून पहिल्या गिअरला टाकतो आणि हळूहळू रेस देतो. दुसरा मागं उकिडवा बसतो, एका हातात जळक्या ऑईलची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. चेन फिरत राहते, हा फडकं धरून ठेवतो. एका मिनिटात काम होतं. मोबाईलवरच्या व्हिडिओत पण असंच दाखवतात.

आता जरा हिशोब करू. 100 सीसीच्या गाडीचं इंजिन नुसतं टुकटुक करत असतं तेव्हा मिनिटाला साधारण 1400 फेरे होतात. गिअरमधून कमी होऊन पुढच्या छोट्या स्पॉकेटला पहिल्या गिअरमध्ये मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे मिळतात. छोट्या स्पॉकेटला 14 दात धरले आणि चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, तर एका फेऱ्यात सात इंच चेन पुढं जाते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक फूट. ही रेस न देता. चौथ्या गिअरला टाकली तर सेकंदाला तीन फुटांच्या वर.

फडकं धरलेला हात मागच्या स्पॉकेटपासून किती लांब असतो? चार बोटं, फार तर वीतभर. फडक्याचा एक धागा कडीत अडकला तर ते चार बोटांचं अंतर पाव सेकंदात संपतं. पुढं उभा असलेल्या माणसाला मागचं काही दिसत नाही. त्याला कळणार ओरडल्यावर. ओरडणं ऐकून क्लच दाबायला चांगला चपळ माणूस असला तरी अर्धा-पाऊण सेकंद जातो. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आमच्या शिवारात एका अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराची दोन बोटं पेरापासून गेली. असंच झालं होतं. बाप पुढं, पोरगा मागं. बोटं आता बरी झालीत, म्हणजे जखम बरी झाली. पण उजवा हात आहे. धार काढताना मूठ बसत नाही, गाय पाय झाडते. बाप आजही कुणाशी त्यावर बोलत नाही. क्लचवर हात कुणाचा होता हे त्याला माहीत आहे, आपण काय वेगळं सांगायचं.

कडबाकुट्टीजवळ आपण किती सांभाळून वागतो बघा. पेंढी लावणाऱ्याच्या हाताजवळ दुसऱ्याला फिरकू देत नाही, बटणाजवळ पोरगं उभं राहिलं तर हाकलतो. कारण त्या मशीननं काय केलंय हे गावोगाव पाहिलेलं आहे. मळणी यंत्रात हात जायचे प्रकार इतके झाले की 1983 साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. मोटारसायकलची चेन त्याच जातीची वस्तू आहे, दात आणि साखळी. पण ती दारात उभी असते, रोजची असते, म्हणून तिची भीती वाटत नाही. आणि भरपाईचं म्हणाल तर शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख अशी मांडणी आहे. बोटाच्या पेराला त्यात जागा नाही. रेशनच्या मशीनवर अंगठा लावायला मात्र बोट शाबूत लागतं.

एकट्यानं काम करण्यात फायदा हा आहे. चाक फिरवणारा हात तुमचा आणि चेनजवळचा हातही तुमचाच. एकाच डोक्यातून दोन्ही चालतात. गाडी बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रल. मग एकच नेम पाळायचा: चाक फिरतंय तेव्हा हात चेनवर नाही, हात चेनवर आहे तेव्हा चाक उभं. वीतभर पुसायचं, हात बाहेर काढायचा, टायर धरून चाक थोडं फिरवायचं, पुन्हा वीतभर पुसायचं. स्पोक धरून फिरवू नका, टायरच धरा. असं केलं तर पूर्ण चेन पुसायला दहा मिनिटं लागतात. दोघांनी गाडी चालू ठेवून केलं तर एक मिनिट. ती नऊ मिनिटं वाचवायला बोटं पणाला लावायची का, हा माझा सवाल आहे.

बरं, आता कुणी म्हणेल की पुसायचं ठीक आहे, पण चेन ताणताना दुसरा माणूस लागतोच. एक्सलचं एक टोक धरायला, चाक रेटायला, गाडीवर बसायला. नाही लागत. मी सांगतो कसं ते.

आधी चेन किती ढिली आहे ते मापायचं. गाडी मेन स्टँडवर घ्यायची. खालच्या चेनच्या मधोमध, म्हणजे दोन्ही स्पॉकेटच्या मध्यावर, चेन खाली दाबून आणि वर उचलून एकूण किती हलते ते बघायचं. 100 ते 125 सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात 20 ते 30 मिलीमीटरच्या आसपास आकडा दिलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकात बघा, काही गाड्यांच्या चिमट्यावर स्टिकर पण असतो. चिमटा म्हणजे ज्या दुतोंडी दांडीत मागचं चाक बसतं ती. आणि पुस्तकात गाडी मेन स्टँडवर मापायची की साइड स्टँडवर तेही दिलेलं असतं, तेही बघून घ्या, त्यानं फरक पडतो.

मापायला दोन हात चेनपाशी गुंततात आणि पट्टी धरायला तिसरा हात लागतो, म्हणून माणसं दुसऱ्याला हाक मारतात. मी पोराची शाळेची पट्टी एका उभ्या विटेला ट्यूबच्या रबरानं बांधून चेनशेजारी ठेवतो. काम भागतं. बंद कव्हरची गाडी असेल तर कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून आतनं स्क्रूड्रायव्हरनं चेन उचलून बघायची, मोबाईलची बॅटरी लावून. आणि अंदाजच घ्यायचा असेल तर दहा रुपयाचं नाणं 27 मिलीमीटर रुंद असतं. तेवढी चेन हलली पाहिजे.

एका जागी मापून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा. जुनी चेन सगळीकडं सारखी झिजत नाही, कुठं घट्ट असते, कुठं सैल. जिथं सगळ्यात घट्ट आहे तिथं टायरला खडूनं खूण करा आणि त्याच जागी ताण ठरवा. सैल जागेवर ताणली तर घट्ट जागेवर ती तारेसारखी होते.

आता मुख्य मुद्दा, जो गॅरेजमध्ये कुणी आपल्याला विचारत नाही. गाडीवर वजन बसलं की चेन आणखी ताणली जाते. पुढचं छोटं स्पॉकेट इंजिनला पक्कं आहे. चिमटा त्याच्या थोडा मागं एका बोल्टवर खालीवर हलतो. मेन स्टँडवर चाक खाली लोंबतं तेव्हा चेनला सवड असते. वजन बसलं की गाडी खाली दबते, चाक त्या मानानं वर येतं, आणि स्पॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि चाकाचा एक्सल हे तीन एका रेषेत येऊ लागतात. तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते.

शहरातला माणूस एकटा ऑफिसला जातो, त्याला हे नडत नाही. आपलं बघा. 40 लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसतं दूध 80 किलोच्या वर, कॅनचं वजन वेगळं, चालवणारा वेगळा. युरियाची गोणी आता 45 किलोची झाली, पण आपण दोन टाकतो. वर पाणंदीतले खड्डे. प्रत्येक खड्ड्यात चाक वर उसळतं आणि चेन ओढली जाते. मेन स्टँडवर जी चेन छान नीट वाटत होती, ती भरलेल्या गाडीवर इंजिनच्या शाफ्टला मागं ओढत असते. आधी पुढच्या स्पॉकेटमागचं ऑईल सील जातं, ऑईल पाझरायला लागतं. मग बेअरिंग आवाज करायला लागतं. मग इंजिन खोलावं लागतं. चेन-स्पॉकेटचा सेट हजाराच्या मागंपुढं येतो, इंजिन खोलल्यावर खर्च कुठं थांबेल हे खोलणाऱ्यालाच ठाऊक.

गॅरेजवाल्यांना दोष द्यायचा नाही मला. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, चेन आवाज करतेय. त्याच्यासमोर रिकामी गाडी उभी असते. तो ताणतो, आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश. सैल चेन ओरडून सांगते, घट्ट चेन गुपचूप खाते. म्हणून भार वाहणाऱ्या गाडीची चेन पुस्तकातल्या आकड्याच्या सैल टोकाला ठेवावी असं माझं मत आहे. 20 ते 30 दिलं असेल तर 30 च्या जवळ. त्याच्या पलीकडं मात्र नाही, कारण जास्त सैल चेन दातांवरून उडते, आणि धावत्या गाडीत चेन उतरून चाकात किंवा इंजिनच्या कव्हरमध्ये अडकली तर गाडी जागच्या जागी आवळते. तेव्हा मागं पोरगी बसलेली असते हे विसरायचं नाही.

ताणायची पद्धत आता. एक्सलचा मोठा नट ढिला करायचा. काही गाड्यांना चेनच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, त्याला स्लीव्ह नट म्हणतात. तो ढिला केल्याशिवाय चाक सरकत नाही, आणि लोक ॲडजस्टरवरच जोर करत बसतात, आटे जातात. नटाला फाटी पिन असेल तर ती आधी सरळ करून काढायची आणि पुन्हा बसवताना नवी टाकायची.

नट फिरवताना दुसऱ्या टोकाला एक्सल पण फिरतो. इथं माणसं म्हणतात, अरे जरा तिकडून धर. धरायला कुणी नको. तिकडच्या टोकाला रिंग पाना घालायचा आणि त्याची दांडी चिमट्याला टेकेल अशी ठेवायची. नट सोडताना एका बाजूनं टेकते, आवळताना दुसऱ्या बाजूनं. पाना चिमट्यावर टेकला की तो माणसापेक्षा घट्ट धरतो, आणि लक्ष दुसरीकडं गेलं म्हणून सुटत नाही.

मग दोन्ही बाजूचे ॲडजस्टर. चेकनट ढिले करून दोन्हीकडं सारखे फिरवायचे. पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. एकदम एक फेरा कधी नाही. दोन्ही बाजूंना खाचा किंवा रेघा असतात, त्या मोजायच्या. एक बाजू पुढं, एक मागं राहिली तर चाक तिरकं बसतं. जुवाला एक बैल पुढं आणि एक मागं ओढायला लागला की तास कसं वाकडं जातं, तसंच हे. चेन स्पॉकेटच्या एका अंगाला घासत राहते, टायर एका बाजूनं झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी मागनं सरकल्यासारखी वाटते.

खाचांवर माझा पूर्ण भरवसा नाही. जुन्या गाडीचा चिमटा एखादवेळी वाकलेला असतो, नाहीतर खाचाच नीट पाडलेल्या नसतात. म्हणून मी तुराटीची एक सरळ काडी घेतो. चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत एका बाजूला लावून तोडतो, आणि तीच काडी दुसऱ्या बाजूला लावतो. बरोबर बसली तर चाक सरळ. शिवाय मागं खाली बसून एक डोळा मिटून चेनकडं बघायचं. स्पॉकेटमधून निघालेली चेन सरळ पुढं गेलेली दिसली पाहिजे. तिफणीचे फण बघायची सवय असलेल्या डोळ्याला हे सांगावं लागत नाही.

ताण बसला की एक्सल आवळायचा. आवळताना चाक जरा मागंपुढं होतं आणि केलेलं माप बिघडतं. त्यासाठी कुणीतरी मागून टायर रेटून धरावा असं म्हणतात. गाडीच्या बाजूला बसून पायाचा तळवा मागून टायरला लावा आणि पुढं रेटा, चाक ॲडजस्टरला टेकून राहतं. हात नट आवळायला मोकळे. नट चांगला आवळायचा, पण पान्यावर उभं राहून नाही, पाइप घालून तर मुळीच नाही. स्लीव्ह नट असेल तर तोही विसरू नका. मग चेकनट. मग पुन्हा एकदा खडूच्या खुणेवर माप बघायचं, कारण आवळल्यावर ते दोन-चार मिलीमीटर हललेलं असतंच. मला तर दुसऱ्यांदा ढिलं करावं लागलं नाही असं क्वचित होतं. त्यात कमीपणा नाही.

नट आवळला की त्याच्यावर आणि एक्सलवर मिळून एक रेघ ओढायची. घरात नेलपॉलिश असतंच. नट जागचा हलला तर रेघ तुटलेली लगेच दिसते. दुसऱ्या दिवशी डेअरीहून आल्यावर ती रेघ बघा आणि नटाला पाना लावून बघा.

आता ब्रेक. हे बहुतेक जण विसरतात, गॅरेजमधली नवी पोरं सुद्धा. चाक मागं सरकलं म्हणजे ड्रम ब्रेकची लांब तार, तिला रॉड म्हणा, ती ओढली जाते. पायाचा ब्रेक न दाबता लागलेला राहतो. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, ड्रम तापतो. मग आपण म्हणतो पेट्रोलमध्येच भेसळ आहे. रॉडच्या टोकाचा नट थोडा सोडून पायाच्या ब्रेकला पुस्तकात दिलेली सवड ठेवायची, साधारण इंचभर. चाक हातानं फिरवून मोकळं फिरतंय का बघायचं, ब्रेक दाबल्यावर थांबतंय का बघायचं, मागचा लाल दिवा लागतोय का तेही बघायचं. दिवा बघायला पण माणूस नको, संध्याकाळी भिंतीकडं पाठ करून गाडी लावा, भिंत लाल होते.

शेवटी वजनाची परीक्षा. ह्यासाठी एकाला गाडीवर बसवतात. त्याच्याऐवजी दोन गोण्या. गाडी मेन स्टँडवरून उतरवून साइड स्टँडवर, पक्क्या जमिनीवर, स्टँडखाली फरशीचा तुकडा, नाहीतर गोण्यांच्या वजनानं स्टँड मातीत रुततो आणि गाडी अंगावर येते. गोण्या नेहमी जशा बांधतो तशा बांधायच्या. आता खालची चेन बोटानं उचलून बघा. निदान अर्धा इंच तरी हलली पाहिजे. हलत नसेल तर ती घट्ट झालेली आहे, मेन स्टँडवर कितीही चांगली वाटली असली तरी. गोण्या माणसापेक्षा बऱ्या. त्या हलत नाहीत, रेस देत नाहीत आणि झालं का म्हणून विचारत नाहीत.

चेन ताणत राहायची तरी किती दिवस, हेही सांगतो. चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जातं असं नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी घासून थोडी थोडी झिजते. शंभराच्या वर कड्या असतात, प्रत्येकीत केसाएवढी झीज झाली तरी मिळून इंच-दोन इंच होतात. आपल्या गाड्यांना बहुतेक 428 नंबरची चेन असते, तिच्या एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच. म्हणजे नव्या चेनच्या 20 कड्या ओढून धरून मोजल्या तर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत बरोबर 10 इंच भरतात. त्या सव्वादहा इंचाला टेकायच्या आत चेन बदलायची. दुसरी परीक्षा, मागच्या स्पॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन धरून मागं ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेन संपली. दात विळ्यासारखे वाकलेले दिसले तर स्पॉकेट पण संपलं. आणि नवी चेन जुन्या स्पॉकेटवर टाकू नका. पाच-सातशे वाचवायला जाल आणि नवी चेन सहा महिन्यांत जुन्यासारखी होईल.

ऑईलचं थोडक्यात. जळकं ऑईल फुकट असतं म्हणून वापरतात. त्यात इंजिनची झिजलेली बारीक लोखंडी पूड असते. वरून आपल्या पाणंदीची धूळ. दोन्ही मिळून कानशीचं काम होतं. 90 नंबरचं गिअर ऑईल आणा, एक बाटली वर्ष-दीड वर्ष जाते. आधी रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं घाण काढा, पेट्रोल वापरू नका. मग खालच्या चेनच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडा, चेन फिरताना ते बाहेरच्या बाजूला पसरतं. अर्ध्या तासानं वरचं ऑईल कोरड्या फडक्यानं पुसून टाका. चेन चमकायला पाहिजे, टपकायला नको. पावसाळ्यात काळ्या रानातली चिकट माती कव्हरमध्ये भरते तेव्हा आठवड्याला बघावी लागते. एरवी पंधरा दिवसांनी.

फडकं लांब धाग्याचं, फाटक्या धोतराचं किंवा लुगड्याचं घेऊ नका. जुनी बनियन बरी, तिचे तुकडे करून. हातात दोरा, अंगठी, कडं नको. आणि काम चालू असताना आजूबाजूला लहान पोर असेल तर काम थांबवा. त्याला फिरतं चाक दिसलं की बोट घालावंसं वाटतंच.

इतकं करून कधी कुणाचं बोट गेलंच, तर हळद, चहापत्ती काही टाकत बसू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात वर ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकायचा नाही. आणि लगेच मोठ्या दवाखान्याकडं.

चेनच्या कव्हरबद्दल पण एक बोलायचं आहे. आवाज करतं म्हणून काढून गोठ्यात टाकलेली कव्हरं मी बरीच बघतो. साडी गार्डचंही तेच, कॅन लावायला आडवं येतं म्हणून कापून टाकतात. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण दुचाकीला असलंच पाहिजे असं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमात, नियम 123 मध्ये, स्पष्ट दिलेलं आहे. त्यात कारण पण दिलंय, मागं बसलेल्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर कुठं लोंबतो ते आपल्याला ठाऊक आहे. कव्हर आवाज करतं ते बहुधा चेन सैल असते म्हणून किंवा एखादा बोल्ट पडलेला असतो म्हणून. बोल्ट बसवा, कव्हर काढू नका. कॅनचा स्टँड करून घेताना वेल्डिंगवाल्याला सांगा की साडी गार्ड ठेवून कर. तो करतो, सांगितलं तर.

गॅरेजला काय न्यायचं? चेन-स्पॉकेट बदलणं, चाकाचं बेअरिंग, वाकलेला चिमटा, पाझरणारं सील. हे आपलं काम नाही. पण चेन बदलून आणली की चेनलॉक मात्र स्वतः बघा. लॉकच्या पट्टीचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला पाहिजे, उघडं तोंड मागं. वरच्या चेनवर बघत असाल तर बंद तोंड पुढच्या चाकाकडं. उलटं बसलेलं लॉक कधी निसटेल सांगता येत नाही.

काही जण म्हणतील, बाप-लेकानं मिळून काम केलं तर पोरगं शिकतं. शिकू द्या की. पण शिकवायचं असेल तर त्याच्या हातात पाना द्या आणि तुम्ही चार हात लांब खाटेवर बसून बघा. गाडी बंद, किल्ली तुमच्या खिशात. त्यानं एकट्यानं केलं पाहिजे. माझ्या पोरीनं मागच्या दिवाळीत असं केलं, एका बाजूच्या खाचा मोजायला विसरली, काडी लावून बघितल्यावर तिचं तिलाच कळलं. आता गाडी तीच बघते.

आज एवढंच. थ्री फेजची लाईट रात्री साडेअकराची आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचंय. बंद कव्हरच्या गाडीची चेन कव्हर न खोलता पुसायची कुणाकडं चांगली युक्ती असेल तर लिहा, मला अजून जमलेली नाही. पुढच्या वेळी फवारणी पंपाच्या पट्ट्याबद्दल लिहीन, तिथंही ताणाचाच घोळ आहे.